नव्या कॅमवर टॅपेटचा आवाज परत परत येतोय? तिसरा कॅम घ्यायच्या आधी असेंब्ली ल्यूब आणि पहिली वीस मिनिटं तपासा

प्रॉब्लेम असा आहे. इंजिन पूर्ण बांधलं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) नवा, टॅपेट (कॅमवर टेकून वरखाली होणारे तुकडे) नवे, गाडी दोनतीनशे किलोमीटर मस्त चालली आणि मग एका सिलिंडरवर टकटक सुरू झाली. गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट केला की गप्प बसते, आठवड्याभरात परत चालू. परत सेट करा, परत तेच. जुन्या फ्लॅट (सपाट बुडाच्या, बिनरोलरच्या) टॅपेटच्या इंजिनात, म्हणजे अँबेसेडर, पद्मिनी, जुनी कास्ट आयर्न बुलेट असल्या गाड्यांत, हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी फोनवर नुसतं "गॅप टिकत नाहीये" म्हणालं तरी मी पहिला प्रश्न विचारतो की कॅमला बांधताना काय लावलं होतं, म्हणजे असेंब्ली ल्यूब कुठलं, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी स्लोला (आयडलला) किती वेळ ठेवली. बहुतेक वेळा या दोन उत्तरांतच सगळं कळतं.

माझं गॅरेज ठाण्यात, उथळसरला. ज्या गाडीवरून मी हे नीट शिकलो ती नौपाड्यातल्या एका काकांची ८६ सालची अँबेसेडर मार्क फोर, पेट्रोल, १४८९ सीसी. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दोनदा कॅम गेला तिचा आणि दोन्ही वेळा आम्ही पार्टला दोष दिला, आणि दोन्ही वेळा चूक बांधण्यात आणि पहिल्या स्टार्टला होती. काकांचे पैसे गेले, दोन पावसाळे गाडी उभी राहिली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कोणाचं तसं होऊ नये.

आधी एक नक्की करा की गॅप वाढतोय का कमी होतोय, कारण दोन्ही दुखणी वेगळी आहेत. गॅप कमी होत चालला असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसतोय, जुन्या मऊ सीटवर अनलेडेड पेट्रोलने ते होतं (आपल्याकडे २००० सालापासून देशभर अनलेडेडच आहे) आणि त्याला हेडचं काम लागतं, कॅमचा त्यात काही संबंध नाही. गॅप वाढत असेल तर कुठेतरी धातू झिजतोय, म्हणजे कॅमचा लोब (टॅपेट उचलणारा उंचवटा), टॅपेटचं बूड, पुशरॉडची (टॅपेटपासून वर जाणाऱ्या दांडीची) टोकं किंवा रॉकर (वरून व्हॉल्व्ह दाबणारा हात). काकांच्या गाडीत पाच नंबरचा व्हॉल्व्ह, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सेट करायचो आणि तीनशे किलोमीटरनी २५ थाऊची पट्टी आरामात आत जायची. पहिला संशय रॉकरवर घ्या कारण तो सगळ्यात स्वस्त. रॉकरच्या टोकाला खाच पडली असेल तर फिलर गेज त्या खाचेवरून पुलासारखी आडवी बसते, तुम्हाला वाटतं १५ आहे आणि खरा गॅप जास्त असतो. रॉकर काढून नखाने चाचपा, खाच लागते हाताला. आमच्या रॉकरला नव्हती.

मग लिफ्ट मोजा. रॉकर शाफ्ट काढायचा, पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज उभं करायचं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि प्रत्येक पुशरॉड किती वर जातो ते कागदावर लिहायचं. एक्झॉस्टची एक्झॉस्टशी आणि इनलेटची इनलेटशी तुलना करायची, या इंजिनात १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. बाकी तीन एक्झॉस्ट जवळपास सारखे आणि पाच नंबर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कमी, तिथे विषय संपला. कार्ब्युरेटरमधून अधूनमधून फट् असा आवाज येत होता तो पण याचाच. एक्झॉस्ट पूर्ण उघडत नाही, जळालेला गॅस आत राहतो आणि इनलेट उघडला की उलटा बाहेर येतो. आम्ही मात्र त्या आवाजावर कार्ब्युरेटर दोनदा खोलला होता. कम्प्रेशन टेस्टवर विसंबू नका, लोब बराच झिजला तरी कम्प्रेशन बऱ्याचदा ठीकठाक दाखवतं. आणि ऑइल काढाल तेव्हा फिल्टर कापून घडी उलगडून उन्हात बघा, चमचम दिसली तर गाडी तिथेच उभी करा, कारण ती लोखंडाची पूड आता बेअरिंगमधून फिरतेय.

अँबेसेडरचं एक बरं आहे, ब्लॉकच्या बाजूला झाकणं आहेत, पुशरॉड काढले की हेड न उतरवता टॅपेट हाताने वर ओढून घेता येतात. टॅपेट पालथा करून बूड बघा. गोल गोल रेघा असतील तर टॅपेट फिरत होता, चांगलं लक्षण. एका दिशेने सरळ पट्टा असेल, मध्ये खळगा असेल, बारीक खड्डे पडले असतील तर तो फिरायचा थांबला आणि जागच्या जागी घासला गेला. फ्लॅट टॅपेट फिरावा लागतो, त्यासाठी लोबला अगदी बारीक उतार दिलेला असतो किंवा टॅपेटचा मध्य लोबपासून जरासा बाजूला ठेवलेला असतो. फिरणं थांबलं की सगळा भार एकाच रेषेवर, आणि मग फार वेळ लागत नाही.

आता हे का होतं ते सांगतो, हे कळलं की ल्यूबचं सगळं आपोआप कळतं. क्रँकच्या बेअरिंगला पंपातून प्रेशरने ऑइल मिळतं आणि शाफ्ट त्या ऑइलच्या थरावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. कॅमच्या लोबला ते नशीब नाही. लोबला ऑइल मिळतं ते क्रँकने उडवलेलं आणि वर रॉकरमधून पुशरॉडच्या वाटेने खाली ओघळलेलं. आणि लोबचं नाक टॅपेटवरून जातं तेव्हा स्प्रिंगचा सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो, तिथे नुसत्या ऑइलचा थर टिकत नाही, पिळून बाहेर जातो. तिथे वाचवतो तो ॲडिटिव्ह.

मुख्य ॲडिटिव्ह झेडडीडीपी, पूर्ण नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, गॅरेजात आपण नुसतं झिंक म्हणतो पण खरं काम त्यातला फॉस्फरस करतो. ऑइल गरम झालं आणि धातू घासला गेला की तो लोखंडावर काचेसारखा फॉस्फेटचा थर तयार करतो, जाडी साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. धातूऐवजी तो थर झिजतो आणि परत बनत राहतो. पण त्याला गरमी आणि घासणं दोन्ही लागतात. गार इंजिनात, पहिल्या सेल्फला, नव्या कॅमवर तो थर नसतोच. झिंक कितीही असू दे, पहिली काही मिनिटं तो अजून कामाला लागलेला नसतो, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

ती मधली वेळ सांभाळायला मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आपलं मॉली. हे काळं करडं पावडरीसारखं असतं, पापडाच्या चळतीसारखे त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. त्याला गरमी लागत नाही, चोळून लावलं की तिथल्या तिथे काम सुरू. कॅमच्या चांगल्या असेंब्ली ल्यूबमध्ये म्हणून दोन्ही असतात, मॉली सुरुवातीसाठी आणि झिंक-फॉस्फरस नंतरसाठी, आणि शिवाय चिकटपणा आणणारं काहीतरी असतं म्हणजे इंजिन महिनाभर उभं राहिलं तरी ते लोबवरून ओघळून चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) जाऊन बसत नाही.

आता आमचं काय चुकलं ते बघा. पहिल्या वेळी इंजिन मे महिन्यात बांधलं आणि कॅमला कॅनमधलं साधं इंजिन ऑइल लावलं, भरपूर लावलं, अगदी मनापासून. मग रेडिएटर अडकला, पाऊस लागला, गाडी चालू व्हायला जुलैचा मध्य उजाडला. दीड महिन्यात लोबवरचं ऑइल खाली उतरलं होतं आणि ठाण्यातली जुलैची हवा तर तुम्हाला माहितीये, कपाटातले कपडे पण ओले लागतात. त्यात कार्ब्युरेटरची वाटी कोरडी, टायमिंग अंदाजाने लावलेलं, गाडी चालू व्हायला सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. प्रत्येक सेल्फला कोरडा लोब स्प्रिंगच्या पूर्ण जोराखाली घासत होता. आणि शेवटी चालू झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी खूश होऊन ती अर्धा तास स्लोला ठेवली, कारण लहानपणापासून ऐकलेलं की नवीन इंजिन आहे, जपून, रेस देऊ नका. फ्लॅट टॅपेटच्या नव्या कॅमला स्लोच सगळ्यात वाईट. स्लोला क्रँक ऑइल कमी उडवतो आणि लोबच्या नाकावरचा भार उलट जास्त असतो, कारण वेग वाढला की टॅपेट-पुशरॉडची स्वतःची गती स्प्रिंगचा थोडा जोर खाऊन टाकते, स्लोला तो आधार नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो असं वाटलं. कुर्ल्याहून, सीएसटी रोडवरून, दुसरा कॅम आणला. नव्या कॅमवर काळपट करडा मॅट थर असतो, मँगनीज फॉस्फेटचा, तो मुद्दाम दिलेला असतो, त्यात बारीक छिद्रं असतात आणि ती ऑइल धरून ठेवतात. मशीन शॉपला कॅम बेअरिंगचं फिटिंग बघायला दिला तर तिथल्या पोराने गंज समजून एमरी पेपरने लोब चकाचक करून दिले. आम्हाला पण बघून बरं वाटलं! मग बांधताना या वेळी ऑइल नको, टिकणारं काहीतरी लावू म्हणून चाकाच्या बेअरिंगला लावतात ते मल्टिपर्पज लिथियम ग्रीस लावलं. ते टिकलं खरं, पण ग्रीसमधला साबण इंजिन ऑइलमध्ये नीट विरघळत नाही, त्याचे गोळे होऊन पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. नंतर चेंबर खोललं तेव्हा जाळीवर पिवळी साय होती. आणि वरून काकांच्या मुलाने प्रेमाने महागातलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणून दिलं, एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएन ग्रेडचं.

त्या ऑइलबद्दल नीट सांगायला हवं कारण तिथे सगळ्यांचा गैरसमज होतो. ते ऑइल खराब नाही, काकांच्या मुलाच्या स्वतःच्या गाडीला एकदम योग्य आहे. पण फॉस्फरस जळून सायलेन्सरमध्ये गेला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० अशा ग्रेडमध्ये एपीआयने फॉस्फरसवर मर्यादा आणली. एसजे, एसएल या आधीच्या दर्जांच्या वेळी ०.१० टक्के होती, २००४ ला एसएम आलं तेव्हापासून ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम. नवीन इंजिनात बहुतेक ठिकाणी रोलर असतात, घासणं कमी, त्यांना पुरतं. ८६ च्या अँबेसेडरला कन्व्हर्टर पण नाही आणि रोलर पण नाही. तिला मी १००० ते १४०० पीपीएमच्या मध्ये फॉस्फरस असलेलं ऑइल शोधतो. ती मर्यादा जाड ग्रेडला, २०डब्ल्यू-५० वगैरेला, तशी लागू नाही, त्यामुळे तिथे चांगलं प्रमाण मिळू शकतं, पण मिळेलच असं नाही, कंपनीच्या डेटा शीटवर झिंक आणि फॉस्फरसचे आकडे बघा, कॅनवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. खूप जण डिझेलचं १५डब्ल्यू-४० टाकतात, मी पण टाकायचो. सीजे-४ आणि सीके-४ या डिझेल ऑइलच्या दर्जांमध्ये फॉस्फरस ०.१२ टक्क्यापर्यंत चालतो म्हणजे आकडा चांगला आहे, पण डिझेल ऑइलमध्ये काजळी धुवायला कॅल्शियमचे डिटर्जंट जास्त असतात आणि डिटर्जंट पण धातूच्या त्याच जागेसाठी झिंकशी भांडतो. रोजच्या वापरात चालून जातं, पण नव्या कॅमच्या पहिल्या तासाला मी आता ते टाकत नाही. ब्रेक-इन ऑइल वेगळं मिळतं, त्यात झिंक जास्त आणि डिटर्जंट कमी ठेवलेलं असतं ते याचसाठी. आणि बाटलीतलं झिंक ॲडिटिव्ह अंदाजाने दोन बाटल्या ओतू नका, अती झालं तर तेच रसायन लोखंड खायला लागतं. ब्रेक-इन ऑइलमध्ये तर अजिबात वरून टाकायचं नाही.

तर दुसरा कॅम पण गेला, या वेळी ४ आणि ५ दोन्ही. काका गॅरेजात स्टुलावर बसले होते, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "अरे, तू मला एकदा सांग, आपण नक्की कुठे चुकतोय?" त्या रात्री मी जे जे केलं ते वहीत ओळीने लिहून काढलं तेव्हा दिसलं की प्रत्येकाने आपापल्या परीने कॅमची काळजीच घेतली होती आणि सगळं मिळून त्या लोबवर पहिल्या वीस मिनिटांत काहीच नव्हतं.

तिसऱ्या वेळी असं केलं. कॅम नवा, आठही टॅपेट नवे. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही, तो जुन्या लोबशी जुळलेला असतो. (जुनंच जुन्यावर घालायचं असेल तर चालतं, पण नंबर टाकून, ज्याचा त्याच लोबवर.) फॉस्फेटच्या थराला कोणी हात लावायचा नाही असं मशीन शॉपला चिठ्ठी लावून सांगितलं. केरोसीनने धुतलं, हवा मारली, मग मॉलीची पेस्ट लोबवर आणि टॅपेटच्या फक्त बुडाला बोटाने चोळून लावली, नुसती थापायची नाही, चोळायची. टॅपेटच्या बाजूला पेस्ट लावू नका, तिथे साधं ऑइल, नाहीतर टॅपेट भोकात जड होतो आणि फिरत नाही, म्हणजे ज्यासाठी केलं तेच बिघडतं. टॅपेट भोकात सोडला की स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि बोटाने गरगर फिरला पाहिजे, आठपैकी एक, सहा नंबरचा, जरा घट्ट होता, भोक साफ करून घेतलं. पुशरॉडची दोन्ही टोकं, रॉकरची टोकं, डिस्ट्रिब्यूटर आणि पंपाचे कॅमवरचे गिअर यांना पण पेस्ट. मेन आणि बिगएंडच्या शेलला (क्रँकच्या बेअरिंगला) चिकट असेंब्ली ल्यूब, तिथे मॉलीची गरज नाही. आणि बोअर, पिस्टन, रिंगांना फक्त साधं इंजिन ऑइल, तेही पातळसं. रिंगांना मॉली लावली तर रिंगा बोअरला घासून बसायच्या त्या बसत नाहीत आणि मग गाडी ऑइल खाते, हे दुसऱ्या एका गाडीत बघितलंय. गिअर ऑइल पण काही जण लावतात, मी टाळतो, त्यातलं सल्फर रॉकरच्या ब्राँझ बुशला बरं नाही.

मग प्रेशर. अँबेसेडरचा पंप कॅमवरून वेगळ्या गिअरने फिरतो त्यामुळे डिस्ट्रिब्यूटरच्या भोकातून ड्रिल लावून पंप फिरवायची युक्ती इथे चालत नाही. आम्ही पंपात आधीच ऑइल भरलं, प्रेशर स्विचच्या भोकातून ऑइल कॅनने ऑइल ढकललं, आणि रॉकर शाफ्ट न बसवता, प्लग काढून, सेल्फवर थोडं थोडं फिरवून प्रेशर आणलं. रॉकर नसले की लोबवर स्प्रिंगचा जोर नाही, पेस्ट पुसली जात नाही. त्यानंतर रॉकर बसवून गॅप सेट केले, नऊच्या नियमाने, म्हणजे चार नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पाच सेट करायचा, एक उघडा असेल तेव्हा आठ, बेरीज नऊ.

चालू करायच्या आधी रेडिएटर भरलेला, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल, टायमिंग लाइट लावून ठेवलेली, मोठा पंखा समोर, एक माणूस टेम्परेचरवर आणि एक प्रेशरवर. दुसऱ्या सेल्फला चालू झाली आणि लगेच २००० आरपीएमवर, तिथून १८०० ते २५०० च्या मध्ये वरखाली करत पूर्ण वीस मिनिटं, एकदाही स्लोला नाही. काही गळायला लागलं, तापलं, तर स्लोला आणून बघत बसायचं नाही, सरळ बंद करायची, दुरुस्त करायची आणि परत २००० वर उरलेली मिनिटं पूर्ण करायची. आमची अकराव्या मिनिटाला होज क्लॅम्पमधून गळली, बंद केली, क्लॅम्प आवळला, उरलेली नऊ मिनिटं नंतर. रविवारी सकाळी दहाला केलं आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना आदल्या दिवशी सांगून आलो होतो की उद्या वीस मिनिटं आवाज होईल, कारण मध्येच कोणी बंद करायला लावलं असतं तर परत तेच झालं असतं.

गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलले. काढलेलं ऑइल काळं करडं दिसतं, घाबरू नका, ती मॉली आहे, बोटात चोळून बघा, गुळगुळीत लागली तर मॉली, खरखर लागली तर धातू. परत ब्रेक-इन ऑइल भरलं आणि काकांना सांगितलं की पहिले पाचशे किलोमीटर घोडबंदरला संध्याकाळी जायचं नाही, गायमुखच्या रांगेत तासभर स्लोला उभं राहणं नको. ते पहाटे साडेपाचला ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्यापर्यंत जाऊन यायचे, वेग कमीजास्त करत. ५०० ला परत ऑइल-फिल्टर, मग डेटा शीट बघून निवडलेलं २०डब्ल्यू-५०.

आता गाडी १६०० किलोमीटर चाललीये. गॅप ५००, १००० आणि १६०० ला घेतले, सात व्हॉल्व्ह १५ वरून हललेले नाहीत. सहा नंबर १६ लागतो, तोच जो भोकात घट्ट होता. पुढच्या रविवारी बाजूचं झाकण काढून तो टॅपेट वर घेऊन बूड बघणार आहे, रेघा गोल असतील तर तसाच परत त्याच भोकात, सरळ पट्टा दिसला तर टॅपेट बदलून लिफ्ट मोजायची. काकांना आधीच सांगून ठेवलंय, ते म्हणाले मी पण येतो बघायला.